हाताची घडी, तोंडावर बोट

कारंज्याच्या गुरुमंदिराबाहेर चपला काढता काढता माझ्या भाचीला प्रश्न पडला. ती अकरावी सायन्सला आहे, आणि या वयात प्रश्न जागा पाहून पडत नाहीत.

"मामा, समजा दर्शन घेऊन आलो अन् माझी एकच चप्पल जागेवर दिसली. डावी. दुसरी कुणाच्या पायात गेली तो माणूस मुर्तिजापुरात असो का मुंबईत, मले इथं उभ्या उभ्या समजलं ना का त्याच्यापाशी उजवीच आहे! याच्यालेच क्वांटम एन्टॅन्गलमेंट म्हणतात ना? रीलमध्ये असंच सांगतलं."

रीलवाल्याने तिला निम्मं खरं सांगितलं होतं, आणि अशा विषयात निम्मं खरं फार त्रास देतं. चपलेच्या गोष्टीत नवल असं काहीच नाही. डावी चप्पल चांभाराच्या हातून उतरली तेव्हापासून डावीच होती. आपल्याला ते कळलं उशिरा, एवढंच. एन्टॅन्गलमेंटही असंच असतं, तर आइन्स्टाइनची झोप उडाली नसती आणि २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्या विषयाला मिळालं नसतं. जॉन बेल या आयरिश शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये हाच गैरसमज खोडायला एक लेख लिहिला, आणि उदाहरण घेतलं आपल्या सहकाऱ्याच्या मोज्यांचं. हे बर्टलमान नावाचे गृहस्थ रोज दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालत. एका पायात गुलाबी दिसला की दुसऱ्यात गुलाबी नाही हे न पाहताच समजायचं. फोटॉनांच्या जोडीचंही तसंच असेल का? बेलचं उत्तर होतं: नाही, आणि ते मोजून दाखवता येतं.

गुंता नव्हे, घडी

आधी शब्दाचं पाहू. एन्टॅन्गलमेंटला मराठीत कुणी गुंता म्हणतं, कुणी गुंतागुंत. 'गुंतवणूक' म्हणायची सोय नाही, बँकवाले ती आधीच घेऊन बसलेत. पण गुंता म्हटला की कापसाच्या गावातल्या माणसाला सूतच आठवणार. एक टोक ओढलं की दुसरीकडे गाठ हलते. इथे मात्र दोन कणांमध्ये सूत नाही, दोरा नाही, ओढाओढीही नाही.

मूळ शब्द जर्मन आहे आणि तो १९३५ चा. त्या वर्षी आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन या तिघांनी एक निबंध लिहून क्वांटम सिद्धान्त अपुरा असल्याचा दावा केला. त्यावर विचार करताना भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने या प्रकाराला 'फेरश्रेंकुंग' असं नाव दिलं. ज्या क्रियापदावरून हा शब्द आला, ते जर्मन माणूस हाताची घडी घालण्यासाठी वापरतो. मला हा शब्द फार आवडतो, कारण आपल्या शाळांमध्ये घडीच्या पाठोपाठ दुसरी आज्ञा ठरलेली असते: तोंडावर बोट. क्वांटम जोडीला या दोन्ही आज्ञा लागू आहेत. घडीचं आधी सांगतो, बोटाचं नंतर.

तुरीचा दाणा आणि दोन डाळी

अशी जोडी तयार करायची एक रुळलेली रीत आहे. जांभळ्या रंगाचा लेझर एका खास स्फटिकावर सोडायचा. बहुतेक सगळे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, तसेच आरपार निघून जातात. कोट्यवधींतून एखादाच स्फटिकात फुटतो आणि त्याच्या जागी दोन फोटॉन बाहेर पडतात. तुरीचा दाणा भरडला की दोन डाळी व्हाव्यात, तसं. दोघांची ऊर्जा मिळून मूळ फोटॉनएवढी भरते, म्हणून जांभळ्या दाण्याच्या डाळी निघतात त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या.

आता खरी मेख. प्रकाशाचा प्रत्येक कण एखाद्या दिशेने थरथरतो: उभा, आडवा किंवा तिरपा. या दिशेला ध्रुवण म्हणतात. प्रयोगाची मांडणी अशी करता येते की दोन्ही डाळींचं ध्रुवण सारखं असेल, एवढंच ठरतं. पण ते उभं की आडवं की तिरपं, हे मात्र ठरलेलं नसतं. नातं पक्कं, पण नातेवाईक अजून ठरायचेत! लग्नाच्या बोलण्यांत वऱ्हाडी मंडळी याच्या बरोबर उलटं करतात.

"ठरलेलं नसतं का आपल्याले माहीत नसतं?" भाचीने विचारलं.

या एका प्रश्नावर भौतिकशास्त्रज्ञ जवळपास तीस वर्षं हात चोळत बसले होते. आइन्स्टाइनचं म्हणणं होतं, ठरलेलं असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचं म्हणणं, मोजेपर्यंत ठरलेलंच नसतं. पुष्कळांना वाटे की हा वाद प्रयोगाने सुटण्यातला नाही, तत्त्वज्ञानात ढकलून द्यावा.

> चौकट : घरी करून पाहा
> ध्रुवण ओळखणारे, म्हणजे 'पोलराइज्ड' लिहिलेले दोन गॉगल घ्या. एकाची काच दुसऱ्याच्या काचेपुढे धरा आणि हळूहळू फिरवा. दोन्ही सरळ असताना आरपार दिसतं. एक काटकोनात फिरवली की अंधार होतो. ६० अंशांवर धरली, तर पहिल्या काचेतून आलेल्या प्रकाशापैकी साधारण पाव भाग दुसऱ्या काचेतून जातो.
> आता प्रकाशाऐवजी एकच फोटॉन आहे असं समजा. त्याचे तुकडे होत नाहीत. तो जाईल तर पूर्ण, नाहीतर अडेल. म्हणजे ६० अंशांवर त्याच्या पार होण्याची शक्यता चारात एक. हा पाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.
> जाता जाता: काटकोनात धरलेल्या दोन काचांच्या मध्ये तिसरी काच तिरपी सरकवून पाहा. अंधारात प्रकाश परत येतो. काच वाढवली आणि उजेड वाढला! यावर घरात कुणाशीही पैज लावा.

दोन वेशींवर दोन बहिणी

बेलने १९६४ मध्ये जे दाखवलं, त्याची सर्वांत सोपी मांडणी अमेरिकेतल्या डेव्हिड मर्मिन यांनी १९८१ मध्ये केली. तिला मी कारंज्यात आणतो. गावाला चार वेशी आहेत: दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा. दोन जुळ्या बहिणी, नलू आणि शालू. नलूला दिल्ली वेशीवर उभी करा, शालूला मंगरूळ वेशीवर. मोबाइल काढून घ्या. दोघींपुढे एकेक परीक्षक. परीक्षकाने फासा टाकून पहिला, दुसरा किंवा तिसरा यांपैकी एक प्रश्न विचारायचा, आणि मुलीने फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. दोन्ही परीक्षकांच्या फाशांचा एकमेकांशी संबंध नाही. खेळाआधी बहिणींनी हवी तेवढी खलबतं करावीत. खेळ सुरू झाला की मात्र एकीला दुसरीचा प्रश्नही कळत नाही आणि उत्तरही.

असे हजारो डाव झाले. संध्याकाळी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर दोन गोष्टी दिसल्या. एक: दोघींना एकच प्रश्न आला तेव्हा उत्तर दर वेळी सारखं. एकदाही चूक नाही. दोन: वेगवेगळे प्रश्न आले तेव्हा उत्तरं सारखी निघाली ती शंभरातून पंचवीस वेळा.

पहिली गोष्ट पाहून कुणीही म्हणेल की पोरींनी घरूनच चिठ्ठी लिहून आणली. बरोबर आहे. दुसरीला कोणता प्रश्न येणार ते माहीत नाही, विचारायची सोय नाही, आणि तरी चूक होऊ द्यायची नाही. मग तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच ठरवून ठेवण्यावाचून इलाज नाही. या डावाला 'हो, हो, नाही', पुढच्या डावाला 'नाही, हो, नाही', असं. आइन्स्टाइनचा तर्क हाच. या चिठ्ठीलाच शास्त्रज्ञ 'लपलेली चलराशी' म्हणतात, आणि चप्पल डावीच असणं हीही चिठ्ठीच.

आता ती चिठ्ठी जरा उलटसुलट करून पाहा. प्रश्न तीन, उत्तरं दोनच. तीन खोक्यांत दोनच रंगांचे खडू भरायचे, तर किमान दोन खोक्यांतला रंग सारखा येणारच. चिठ्ठी कशीही लिहा, तीन उत्तरांपैकी निदान दोन तरी सारखी असणार. वेगवेगळ्या प्रश्नांच्या जोड्या तीनच होतात: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा. या तिघांतली एक तरी जोडी जुळणार म्हणजे जुळणार. 'हो, हो, हो' लिहिलं तर तिन्ही जुळतात. म्हणजे वेगळे प्रश्न आले असता उत्तरं सारखी निघण्याचं प्रमाण कमीत कमी एक तृतीयांश. शंभरात तेहतीस तरी हवेत.

आणि वहीत आहेत पंचवीस.

इथे थांबा, आणि पटलं नसेल तर कागदावर आठही चिठ्ठ्या लिहून मोजा. माझ्या भाचीने मोजल्या. तिसऱ्यांदा मोजल्यावर म्हणाली, "म्हणजे पोरी चिठ्ठीच नाही आणू शकत." हेच बेलचं प्रमेय. बहिणी कितीही हुशार असोत, चिठ्ठीच्या जोरावर एकाच प्रश्नाला नेहमी सारखं उत्तर आणि वेगळ्या प्रश्नांना फक्त पाव जुळणी, हे दोन्ही एकदम साधता येत नाही. फोटॉनांना साधतं. बहिणींच्या जागी चौकटीतल्या काचा ठेवा: पहिला प्रश्न म्हणजे काच शून्य अंशावर, दुसरा ६० वर, तिसरा १२० वर. 'हो' म्हणजे फोटॉन पार, 'नाही' म्हणजे अडला. काच सारखी तर उत्तर सारखं, काच वेगळी तर जुळणी चारात एकदा. गॉगलमधला तोच पाव.

वाद कचेरीतून प्रयोगशाळेत

बेलचा निबंध १९६४ मध्ये एका अल्पायुषी नियतकालिकात छापून आला आणि काही वर्षं कुणी फारसा उघडला नाही. अमेरिकेतल्या जॉन क्लाउझरने तो उघडला. आइन्स्टाइनच बरोबर निघेल अशी त्याची आशा होती. १९७२ मध्ये त्याने आणि स्टुअर्ट फ्रीडमनने कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉन-जोड्यांवर मोजणी केली, आणि उत्तर त्याच्या आशेविरुद्ध गेलं. (प्रत्यक्ष प्रयोगांतला हिशेब तीन प्रश्नांपेक्षा थोडा वेगळा मांडतात, गाभा हाच.) १९८२ मध्ये फ्रान्समध्ये आलँ आस्पे यांनी फोटॉन वाटेत असतानाच प्रश्न बदलण्याची सोय केली. ऑस्ट्रियाच्या आंतोन त्साइलिंगर यांनी पुढे हा खेळ कुठल्या कुठे नेला. नोबेल क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर या तिघांना मिळालं. बेल १९९० मध्येच गेले होते.

शंकेखोरांना तरीही वाटा उरल्या होत्या. वेशी इतक्या जवळ आहेत की एकीने दुसरीला खूण केली नसेल कशावरून? २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये दोन वेशी १.३ किलोमीटर अंतरावर ठेवल्या. प्रकाशाला एवढं अंतर जायला सेकंदाचे सुमारे चार दशलक्षांश लागतात, आणि प्रश्न विचारून उत्तर नोंदवण्याचं काम त्याच्या आत उरकलेलं होतं. २२० तासांच्या मोजणीत हाती लागल्या त्या फक्त २४५ जोड्या, पण तेवढ्याने चिठ्ठी फाटली. मग प्रश्न आला, फासेच आधीपासून फितूर असतील तर? २०१८ मध्ये एका प्रयोगात फाशांच्या जागी दोन क्वासारांचा, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी गाभ्यांचा, प्रकाश वापरला. एकाचा ७.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, दुसऱ्याचा १२.२ अब्ज. फितुरी असलीच तर पृथ्वी जन्मायच्या आधीची असावी लागेल.

आपल्याकडेही या गणितावर काम झालेलं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एस. एम. रॉय आणि वीरेंद्र सिंह यांनी बेलच्या असमानतांचा, म्हणजे वरच्या एक तृतीयांशासारख्या मर्यादांचा, अभ्यास सत्तरच्या दशकापासून केला, आणि १९९१ मध्ये दोनऐवजी अनेक कणांसाठी अशी कसोटी कशी लावायची ते मांडलं. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांत 'क्वांटम' हा शब्द क्वचितच दिसायचा. आता तो मनगटातल्या 'ऊर्जा-कड्यां'च्या जाहिरातींतही दिसतो. कड्यांत क्वांटम काही नसतं, किंमत मात्र असते.

तोंडावर बोट

"मंग नलूने शालूले निरोप पाठवायचा ना यातून!" भाची म्हणाली. "समृद्धीवरून नागपूरहून मुंबईले जायले गाडीले आठ तास. हे तं लगेच!"

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. प्रकाश तेवढं अंतर सेकंदाच्या सुमारे चारशेव्या भागात कापतो. एन्टॅन्गलमेंट त्याहून वेगाने निरोप नेईल का? नाही. नलूच्या वहीत काय दिसतं ते पाहा: हो, नाही, नाही, हो, हो. नाणं उडवल्यासारखं, निम्मे हो, निम्मे नाही. शालूला कोणताही प्रश्न विचारा, नलूच्या वहीतलं हे निम्मं-निम्मं हलत नाही. आपल्याला 'हो' यावं असं नलू ठरवूही शकत नाही. जुळणी दिसते ती दोन वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वही न्यायला गाडी लागते किंवा फोन लागतो. घडी घातलेली आहे, पण तोंडावर बोटही आहे.

या बोटाला फट पाडायचा एक प्रयत्न फार सुरेख होता. निक हर्बर्ट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं: शालूकडे आलेल्या फोटॉनच्या शेकडो नकला काढा, प्रत्येक नक्कल वेगळ्या कोनात तपासा, आणि नलूची काच कोणत्या कोनात होती ते ओळखा. झाला निरोप! युक्तिवादात चूक कुठे आहे ते शोधताना १९८२ मध्ये उत्तर सापडलं. अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब नक्कल काढताच येत नाही.

कारंज्याच्या माणसाला याचं अप्रूप जास्त वाटावं. इथल्या सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांत शतकानुशतकं पोथीवरून पोथी उतरवली गेली. दहाव्या शतकातल्या पुष्पदंताची अपभ्रंश काव्यं नकला करणाऱ्या हातांनीच आपल्यापर्यंत आणली. 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी आणि 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये हीरालाल जैनांनी संपादित करून कारंज्याच्या जैन ग्रंथमालांत छापलं. पोथी नक्कल केल्याने टिकते. फोटॉनची पोथी मात्र एकच असते. वाचली की बदलते, आणि उतरवून घ्यायला बसलात तर तुमच्या हाती दुसरंच काही येतं.

निरोप नाही, तर कुलूप

या अडचणीतूनच उपयोग निघाला. निरोप जात नसला, तरी एकच प्रश्न आला त्या डावांत दोघींची उत्तरं सारखी असतात आणि ती जगात कुणाला आधी माहीत नसतात. याहून चांगली कुलपाची किल्ली कोणती? मागाहून फोनवर फक्त प्रश्नांचे क्रमांक सांगायचे, सारखे आले ते डाव ठेवायचे, त्यांची उत्तरं कुणालाच सांगायची नाहीत, उरलेल्या डावांची मात्र ताडून पाहायची. मध्ये कुणी फोटॉन अडवून पाहिला, तर त्या क्षणी गुंतलेली जोडी साधी चपलांची जोडी होते, उरलेल्या डावांतला पावाचा आकडा बिघडतो आणि चोर उघडा पडतो. ही कल्पना आर्टर एकर्ट यांनी १९९१ मध्ये मांडली.

अहमदाबादेत इस्रोचं अवकाश उपयोग केंद्र आणि भौतिकी संशोधन प्रयोगशाळा यांनी मिळून जानेवारी २०२२ मध्ये ३०० मीटर मोकळ्या हवेतून हे करून दाखवलं. २०२५ मध्ये डीआरडीओ आणि दिल्ली आयआयटीने अंतर एक किलोमीटरच्या वर नेलं. राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६,००३ कोटी ६५ लाख रुपयांची मंजुरी मिळाली. त्यातलं अतिसूक्ष्म मोजमापाचं केंद्र मुंबई आयआयटीकडे आहे. चीनच्या मिशियस उपग्रहाने २०१७ मध्ये एकमेकांपासून १,२०३ किलोमीटरवरच्या दोन ठिकाणी जोडीतला एकेक फोटॉन उतरवला. उपग्रह सेकंदाला सुमारे ५९ लाख जोड्या सोडत होता आणि खाली पोहोचत होती सरासरी एक. पोतंभर पेरावं आणि मूठभर उगवावं, त्याच्याही पलीकडचं.

भाचीचे उरलेले प्रश्न

मग खरोखरच्या चपला का गुंतत नाहीत? गुंतणं दुर्मीळ नाही. हेलियमच्या अणूतले दोन इलेक्ट्रॉन गुंतलेलेच असतात. दुर्मीळ आहे ते गुंतणं जपणं. चपलेवर दर क्षणी हवेचे असंख्य रेणू आदळतात, ऊन पडतं, ती स्वतः उष्णता सोडत असते. प्रत्येक धक्का म्हणजे एक आगंतुक परीक्षक. नातं शेजाऱ्यापाजाऱ्यांत इतकं वाटलं जातं की मूळ दोघांत दाखवण्याजोगं काही उरत नाही. जुळ्या भावंडांना एकमेकांचं दुखणं दुरून कळतं म्हणतात, त्याचं श्रेय फोटॉनांना देऊ नये, ते त्यांनी मागितलेलं नाही.

आधी कुणी उत्तर दिलं, नलूने की शालूने? वेशी पुरेशा लांब असतील आणि उत्तरं जवळपास एकदम आली असतील, तर सापेक्षतेनुसार या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. एका वेगवान यानातून नलू आधी दिसेल, दुसऱ्यातून शालू. म्हणून 'नलूच्या उत्तराने शालूचं उत्तर घडवलं' हे वाक्य अडखळतं. उलटंही तितकंच खरं किंवा खोटं ठरतं.

परतीच्या वाटेवर तिने डोळ्यांवरचा गॉगल काढून माझ्या गॉगलपुढे आडवा धरला, अंधार झालेला पाहिला, पुन्हा सरळ केला. मग म्हणाली, "चिठ्ठी नाही. खूण नाही. निरोप नाही. मंग मामा, पोरींनी उत्तर आणलं कुठून?"

यावर शास्त्रज्ञांचे तट आहेत. काही म्हणतात, दूरवरच्या गोष्टी वेगळ्या असतात हे गृहीतच सोडा, त्या दोन मुली नाहीतच, एकच आहे. काही म्हणतात, न विचारलेल्या प्रश्नालाही उत्तर असतं हे गृहीत सोडा. काही तर म्हणतात की 'हो' आणि 'नाही' दोन्ही घडतात, फक्त वेगवेगळ्या जगांत. गणित तिघांचं एकच आहे आणि वह्याही त्याच. बेलने फक्त चिठ्ठी नाही एवढं सिद्ध केलं. मी तिला हे तिन्ही तट सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि विचारलं, "तुमचा कोणता?"

दुसरा, असं मी म्हणालो. पण रिक्षा दारव्हा वेशीपाशी पोचेपर्यंत मला पहिलाही पटायला लागला होता.